पुतण्याची फी, मुलींची फी आणि घरचा इन्कम टॅक्स

विश्रामबाग, सांगली इथून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. ते बरंच मोठं आहे, म्हणून त्यातलं मुद्द्याचं तेवढं देतो.

‘मी मिरजेच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते, वर्षाचा पगार साधारण ९ लाख. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात आहेत, त्यांचा १५ लाख. थोरली पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, तिच्यासाठी मिस्टरांच्या नावावर बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलंय. धाकटी ११ वर्षांची, सहावीत. शिवाय माझ्या दिरांचा मुलगा आमच्याकडेच असतो, वय १३. दीर आणि जाऊबाई दोघंही अपघातात गेले. कोर्टानं मिस्टरांना त्याचे पालक नेमलंय. विम्याचे १८ लाख त्याच्या नावानं एफडीत आहेत. त्याची फी, वह्या-पुस्तकं, दवाखाना सगळं आम्हीच बघतो. माझा भाऊ अमेरिकेत आहे. तो म्हणतो, तिकडं प्रत्येक मुलामागं २,२०० डॉलर टॅक्स कमी होतो, तुम्हाला तीन मुलांचं काहीच कसं मिळत नाही? रिटर्न भरून देणारे म्हणतात, पुतण्याच्या एफडीचं व्याज मिस्टरांच्या उत्पन्नात धरावं लागेल. फी मात्र धरता येणार नाही म्हणतात. हा कुठला न्याय? धाकटीच्या नावावर आम्ही ४ लाख ठेवलेत, त्याचं काय? आणि शाळेतल्या एका बाईंचा मुलगा सेरेब्रल पाल्सीचा आहे, त्यांनाही काही मिळतं का, विचारायला सांगितलंय.’

ताई, नमस्कार. रिटर्न भरणाऱ्यांचं निम्मं बरोबर आहे आणि निम्मं चूक. जे चूक आहे त्यात तुमच्या पुतण्याचे हक्काचे पैसे अडकतात, म्हणून आधी तेच घेतो.

अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाचं उत्पन्न मोठ्यांच्या उत्पन्नात मिळवायचं, हे आयकर कायद्याच्या कलम ६४(१ए) मध्ये आहे. पण ते कुणाच्या? आई किंवा वडिलांच्या, दोघांत ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या. ‘मूल’ म्हणजे पोटचं, सावत्र किंवा दत्तक. काका या व्याख्येत कुठेच बसत नाही, मग कोर्टानं त्याला पालक नेमलेलं असो वा नसो. आईवडील दोघंही हयात नसलेल्या मुलाचं उत्पन्न त्याचं स्वतःचंच राहतं. त्यावर कर लागलाच तर तो त्याच्या नावानं लागतो आणि पालक त्याचा प्रतिनिधी म्हणून फक्त सही करतो. विम्याची मूळ रक्कम तर करमुक्तच आहे, प्रश्न फक्त व्याजाचा.

आता रक्कम बघा. १८ लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाचं व्याज १ लाख २६ हजार. २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत (दर कमी, पण वजावटी जवळजवळ नाहीत) ४ लाखांपर्यंत कर शून्य, म्हणजे पोराला एक रुपयाही कर नाही. तेच व्याज तुमच्या मिस्टरांच्या उत्पन्नात टाकलं, तर त्यांच्या १५ टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट (सेस म्हणजे करावरचा जादा कर) १९,६५६ रुपये जातील. दरवर्षी, तो १८ वर्षांचा होईपर्यंत. त्यामुळे या बाबतीत तुम्ही ठाम राहा. रिटर्न भरणाऱ्यांना कलम ६४(१ए) चे शब्द वाचून दाखवा, ‘त्याचे अज्ञान मूल’ एवढेच आहेत.

घोटाळा बहुतेक इथून सुरू झाला असेल: बँकेनं त्या एफडीला पालकाचा म्हणजे मिस्टरांचा पॅन जोडला असणार, म्हणून ते व्याज त्यांच्या वार्षिक माहिती विवरणात दिसतंय आणि भरणाऱ्यांना ते मिळवावंसं वाटतंय. पोराच्या नावाचा पॅन काढा. अज्ञान मुलाचा पॅन निघतो, अर्जावर पालकाची सही चालते. मग कोर्टाच्या आदेशाची प्रत घेऊन बँकेत जा आणि एफडीला मुलाचाच पॅन जोडायला सांगा. व्याज ५० हजारांच्या वर असल्यानं बँक १० टक्के टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच आगाऊ कर, कापते, तुमच्या हिशेबात १२,६००. तो कापू नये म्हणून आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच घोषणापत्र द्यायचं असतं, ज्याला आपण आजवर १५जी म्हणत आलो. मुलाच्या वतीनं पालक ते देऊ शकतो. आधीच कापला गेला असेल तर मुलाच्या नावानं रिटर्न भरून परत मागायचा. पोर्टलवर मिस्टरांना त्याचे प्रतिनिधी म्हणून नोंदवावं लागेल. थोडं किचकट आहे, एकदाच करायचं आहे, आणि १२,६०० रुपये त्या मुलाचे आहेत.

आता फी. इथं मात्र रिटर्न भरणारे बरोबर आहेत. कलम ८०सी मध्ये, म्हणजे दीड लाखांपर्यंतच्या वजावटीच्या कलमात, शिक्षण शुल्काची वजावट आहे ती ‘त्या व्यक्तीच्या कोणत्याही दोन मुलांसाठी’. पुतण्या, भाचा, नातू कुणीच चालत नाही. पैसे कुणी भरले हे पुढचं, आधी मूल कुणाचं हे बघतात. आरोग्य विम्याच्या ८०डी मध्येही स्वतः, पती किंवा पत्नी, अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील एवढेच, त्यामुळे पुतण्याच्या हप्त्याची वजावट तिथंही नाही.

मला हे पटत नाही, आणि ते इथं लिहायला मला संकोच वाटत नाही. आपल्याकडं कितीतरी घरांत भावाचं पोर घरचं म्हणूनच वाढतं. कोर्टानं रीतसर जबाबदारी सोपवलेल्या काकाला कायद्यानं दोन मुलांच्या हिशेबात तरी धरायला हवं होतं. तुमच्या भावाच्या अमेरिकेत हेच मूल धरलं जातं. तिथल्या बाल कर सवलतीच्या व्याख्येत भावंडांची मुलंही येतात. अटी अशा की मूल वर्षाअखेर १७ वर्षांच्या आतलं हवं, अर्ध्या वर्षापेक्षा जास्त काळ तुमच्याच घरी राहिलेलं हवं, आपल्या निम्म्याहून अधिक खर्चाचा भार त्यानं स्वतः उचललेला नसावा आणि त्याला तिथला सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा. उत्पन्न एकट्याचं २ लाख डॉलर किंवा जोडप्याचं ४ लाख डॉलरच्या वर गेलं की सवलत हळूहळू कमी होते. २,२०० डॉलर हा आकडा २०२५ सालाचा, तो बरोबर आहे.

पण भावाच्या बोलण्यात एक मोठा फरक राहून गेला. तिकडची सवलत थेट करातून वजा होते, आणि कर तेवढा नसेल तर त्यातला काही भाग, १,७०० डॉलरपर्यंत, हातातही मिळतो. आपल्याकडं मुलांसाठी तसं काहीच नाही. आपल्याकडं आहे ती उत्पन्नातून वजावट. १० हजारांची वजावट म्हणजे २० टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट २,०८० रुपये वाचले, १० हजार नव्हे. आणि या वजावटी जवळजवळ सगळ्या जुन्या करपद्धतीतच मिळतात. तुम्ही दोघांनी पात्रतेचा विचार करायचा तो याच टोकापासून: आपण कोणत्या पद्धतीत आहोत, आणि असावं.

तुमचं सोपं आहे. ९ लाख पगारातून नव्या पद्धतीची ७५ हजारांची प्रमाणित (पगारदाराला सरसकट मिळणारी) वजावट गेली की ८ लाख २५ हजार उरतात. २०२५-२६ मध्ये १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए ची सूट असल्यानं तुमचा कर शून्य. जुन्या पद्धतीत गेलात आणि ८०सी चे दीड लाख पूर्ण भरलेत, तरी ५४,०८० रुपये कर येईल. म्हणून मुलींच्या फीच्या पावत्या शाळेच्या कार्यालयात देण्याच्या भानगडीत पडूच नका.

मिस्टरांचा हिशेब मी जरा बारकाईनं केला, कारण कर्जाचं व्याज आणि फी पाहता जुनी पद्धत फायद्याची असेल असं तुम्ही लिहिलंय. नव्या पद्धतीत १५ लाखांतून ७५ हजार गेले, १४ लाख २५ हजार उरले. कर सेससकट ९७,५००. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५० हजार, व्यवसाय कर २,५००, ८०सी चे दीड लाख, आरोग्य विमा २५ हजार आणि तुम्ही लिहिलेलं कर्जाचं ९० हजार व्याज, एवढं सगळं वजा केलं तरी कर १,७३,९४० येतो. म्हणजे ७६,४४० रुपये जास्त. १५ लाख पगाराला जुनी पद्धत नव्या पद्धतीच्या बरोबरीला यायची तर एकूण वजावटी ५ लाख ९४ हजारांच्या घरात जायला हव्यात. घरभाडं किंवा गृहकर्जाचं मोठं व्याज असल्याशिवाय ते होत नाही, आणि तुमचं घर तर स्वतःचं, कर्ज फिटलेलं. मिस्टरांनी कारखान्यात जुनी पद्धत सांगितली असेल तरी बिघडत नाही. पगारदाराला रिटर्न भरताना नवी निवडता येते, जास्त कापलेला टीडीएस परत मिळतो.

म्हणजे तुमच्या पत्रातल्या बहुतेक सवलतींना तुमचं कुटुंब पात्र आहे आणि तरीही त्या घेणं तोट्याचं आहे. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आजच्या घडीला सांगली-साताऱ्यातल्या बहुसंख्य पगारदार घरांची स्थिती हीच आहे. पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल तर दुसरं उत्पन्न नसलेल्या माणसानं फीच्या पावत्या शोधत बसायचं कारणच उरलेलं नाही.

ज्यांना जुनी पद्धत खरोखर फायद्याची आहे, त्यांच्यासाठी फीबद्दल थोडं सांगतो, कारण पावतीत गफलत फार होते. वजावट मिळते ती फक्त शिक्षण शुल्काची. इंजिनिअरिंगच्या पावतीवर विकास शुल्क वेगळं छापलेलं असतं, ते धरायचं नाही. देणगी, वसतिगृह, मेस, व्हॅन, गणवेश, खासगी क्लास यांतलं काही धरायचं नाही. शिक्षण पूर्णवेळ हवं, संस्था भारतातली हवी. बालवाडी आणि नर्सरीची फी चालते. पैसे ज्या वर्षी भरले त्या वर्षी वजावट, मग फी पुढच्या वर्षाची का असेना. दोघंही कमावते असतील तर प्रत्येकाला आपापली दोन मुलं धरता येतात, पण ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानंच, आणि एकच रक्कम दोघांनी दाखवायची नाही. भविष्य निर्वाह निधीनंच ज्यांचे दीड लाख भरतात त्यांना फी दाखवून काही मिळत नाही, कारण मर्यादा सगळ्यांची मिळून एकच आहे. पगारात शिक्षण भत्ता असेल तर महिन्याला मुलामागं १०० रुपये आणि वसतिगृह भत्त्याचे ३०० रुपये, दोन मुलांपर्यंत करमुक्त. २०२५-२६ ला हेच आकडे लागू आहेत. १०० रुपयांत आज मुलाचा महिन्याचा वह्यांचा खर्चही निघत नाही.

थोरलीच्या कर्जाच्या व्याजाला, म्हणजे ८०ई ला, कमाल मर्यादा नाही आणि दोन मुलांची अटही नाही. ज्याच्या नावावर कर्ज आहे आणि जो व्याज भरतो त्यालाच ती मिळते. ज्या वर्षी पहिल्यांदा व्याज भरलं ते वर्ष आणि पुढची ७. म्हणून शिक्षण चालू असताना भरलेलं थोडंसं व्याजही घड्याळ सुरू करतं, हे जुन्या पद्धतीतल्या पालकांनी लक्षात ठेवावं. बारावीनंतरचं शिक्षण हवं आणि कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त संस्थेचं हवं. मामाकडून घेतलेलं चालत नाही. तुमच्या दृष्टीनं या कलमातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. यात ‘ज्याचे आपण कायदेशीर पालक आहोत असा विद्यार्थी’ स्पष्ट लिहिलेला आहे. उद्या पुतण्याच्या उच्च शिक्षणासाठी कर्ज काढायची वेळ आली, तर कोर्टाचा तो आदेश तिथं उपयोगी पडेल. जपून ठेवा, दोन-तीन साक्षांकित प्रती काढून ठेवा.

धाकटीच्या नावावरच्या ४ लाखांचं मात्र पुतण्यासारखं नाही. तिचे आईवडील तुम्ही आहात. व्याज २८ हजार धरलं तर ते मिस्टरांच्या उत्पन्नात मिळवावंच लागेल, कारण त्यांचं उत्पन्न जास्त. जुन्या पद्धतीत मुलामागं दीड हजारांची सूट असते, नव्या पद्धतीत तीही नाही. कर ४,३६८ रुपये. मुलांच्या नावावर पैसे ठेवले की टॅक्स लागत नाही, असं पेठेत सर्रास सांगितलं जातं. ते खोटं आहे. मुलानं स्वतःच्या कष्टानं किंवा कलागुणांवर मिळवलेलं तेवढं त्याचं स्वतंत्र. तुम्हाला ही रक्कम तिच्यासाठीच ठेवायची असेल तर तिच्या नावानं पीपीएफ उघडा आणि दरवर्षी थोडी थोडी तिकडं वळवा. तिथलं व्याज दोन्ही पद्धतींत करमुक्त असल्यानं मिळवायचा प्रश्नच येत नाही. पालकाचं आणि मुलीचं खातं मिळून वर्षाला दीड लाख ही मर्यादा आहे, मिस्टरांचं पीपीएफ असेल तर त्यातच बसवा. सुकन्या समृद्धी या मुलींच्या बचत योजनेचा २०२५-२६ चा दर, ८.२ टक्के, याहून चांगला आहे, पण ते खातं मुलगी १० वर्षांची होण्याआधी उघडावं लागतं. तुमच्या धाकटीचं वय उलटून गेलंय. ज्यांच्या घरी लहान मुली आहेत त्यांनी मात्र थांबू नये. नव्या पद्धतीत भरण्यावर वजावट नसली तरी व्याज करमुक्तच राहतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही हळूच विचारलंय, ‘पुतण्याला दत्तकच घेतलं तर?’ टॅक्ससाठी असेल तर घेऊ नका. दत्तक घेतलं की तो तुमचा मुलगा, आणि मग त्याच्या एफडीचं व्याज मिस्टरांच्या उत्पन्नात येईल, वर सांगितलेले १९,६५६ खरंच द्यावे लागतील. बदल्यात नव्या पद्धतीत काहीही मिळणार नाही. पण मनातलं कारण वेगळं असेल, तर कर हे अडचणीचं कारण होऊ देऊ नका, एवढे पैसे तुम्ही सोसू शकता. हिंदू दत्तक कायद्यानुसार तुम्हाला मुलगा नसल्यानं मुलगा दत्तक घेता येतो, एरवी मूल १५ वर्षांच्या आतलं लागतं, आणि त्याचे आईवडील नसल्यानं कोर्टाची परवानगी लागेल. दत्तकापूर्वी त्याच्या नावावर झालेली मालमत्ता त्याचीच राहते. तो १३ वर्षांचा आहे, सगळं कळतं त्याला. दिरांचं नाव लावून राहायचं की तुमचं, हे त्याला मोकळेपणानं विचारा, आणि ‘नाही’ म्हणाला तर त्याचा मान ठेवा.

इथं इतर वाचकांसाठी थोडं. करसवलत मिळते ती कर भरणाऱ्याला. जत किंवा कवठेमहांकाळच्या एखाद्या वाडीवर भावाचं अनाथ पोर सांभाळणाऱ्या शेतमजूर बाईला ८०सी चा काय उपयोग? तिच्यासाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, मुलामागं महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा, पात्रता बाल कल्याण समिती ठरवते. ताई, तुमच्या वर्गात असं एखादं मूल नक्की असेल. त्याच्या घरच्यांना हे सांगाल तर फार मोठं काम होईल.

आता तुमच्या सहकारी बाईंचं. अपंग मुलासाठी कलम ८०डीडी आहे. ४० टक्क्यांपासून पुढं अपंगत्व असेल तर ७५ हजार, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. ही सरसकट वजावट आहे. उपचार, प्रशिक्षण, सांभाळ यावर प्रत्यक्ष किती खर्च झाला हे बघत नाहीत, ८०सी च्या दीड लाखांतही ती मोजत नाहीत. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा एकाहून जास्त अपंगत्व असेल तर फॉर्म १०-आयए लागतो. त्यावर मुलांच्या मज्जाविकारतज्ज्ञाची किंवा सिव्हिल सर्जनची सही हवी. प्रमाणपत्राची मुदत तपासा, संपलेलं चालत नाही. ही वजावटही जुन्याच पद्धतीत मिळते, त्यामुळे बाईंनी दोन्ही पद्धतींचा हिशेब करूनच ठरवावं. त्यांचा पगार तुमच्याइतकाच असेल तर नव्या पद्धतीत कर शून्यच आहे.

पण एक गोष्ट त्यांना दोन्ही पद्धतींत मिळते आणि ती बऱ्याच शाळांच्या कार्यालयांनाही ठाऊक नसते. महाराष्ट्राच्या व्यवसाय कर कायद्याच्या कलम २७ए नुसार ठरावीक कायमच्या शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या आईवडिलांना व्यवसाय कर माफ आहे. पगारातून दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, ते वर्षाचे २,५०० थांबतात. सिव्हिलचं प्रमाणपत्र जोडून मुख्याध्यापकांमार्फत लेखनिकाकडं अर्ज द्यायला सांगा. मुलाचे वडील नोकरीत असतील तर त्यांनीही त्यांच्या ठिकाणी तसाच अर्ज करावा.

हे सगळं २०२५-२६ च्या उत्पन्नापुरतं आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा, २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्या तारखेनंतरच्या वर्षांसाठी अर्ज लिहिताना जुना क्रमांक टाकू नका. पुतण्याच्या पॅनचं काम मात्र याच आठवड्यात मार्गी लावा.